स्टिक आपोआप सरकते? ड्युअलशॉक ४ कंट्रोलरची घरच्या घरी दुरुस्ती

आपण काहीही दाबलेलं नसतं, तरी गेममधलं पात्र डावीकडे चालायला लागतं. नेमबाजीच्या गेममध्ये कॅमेरा हळूहळू आभाळाकडे वळतो, मेनूतली निवड एकटीच खाली घसरत राहते. याला ड्रिफ्ट म्हणतात आणि कंट्रोलर बिघडण्याचं हे सर्वांत नेहमीचं लक्षण. अशा वेळी काही जण कंट्रोलर कपाटात टाकून नवा घेतात, तर काही जण लगेच स्क्रू काढायला बसतात. मला दोन्ही गोष्टी घाईच्या वाटतात. नवा अस्सल कंट्रोलर पाच-सहा हजारांच्या घरात जातो आणि जुन्यातला दोष बहुतेक वेळा एका छोट्या भागापुरता असतो. पण तो नेमका कुठला, हे ओळखल्याशिवाय उघडलं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं.

इथे मी सोनीचा ड्युअलशॉक ४ धरून चाललो आहे. २०१३ च्या शेवटी प्लेस्टेशन ४ बरोबर तो आला. आजही तो अनेक घरांत आहे, संगणकालाही जोडला जातो, आणि पहिल्यांदा हात घालणाऱ्यासाठी त्याची आतली रचना समजायला सोपी आहे. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. पाठीमागच्या लेबलवर सीयूएच-झेडसीटी१ असेल तर पहिली, सीयूएच-झेडसीटी२ असेल तर २०१६ सालची दुसरी. दुसऱ्या आवृत्तीत टचपॅडच्या वरच्या कडेला दिव्याची बारीक रेघ दिसते, तेवढ्यावरूनही ती ओळखता येते. सुटे भाग घेताना हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून लेबलचा फोटो आत्ताच काढून ठेवा.

आधी निदान

कंट्रोलर बंद असताना, म्हणजे त्याची पेटी मिटलेली असताना, जेवढं कळतं तेवढं उघडल्यावर कळत नाही. डेटा वाहून नेणारी मायक्रो यूएसबी केबल घ्या आणि संगणकाला जोडा. मोबाइलच्या जुन्या चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्या इथे चालत नाहीत. ब्राउझरमध्ये ‘गेमपॅड टेस्टर’ शोधलं की कंट्रोलर तपासणारी फुकट पानं सापडतात. त्यात प्रत्येक बटणापुढे आणि प्रत्येक स्टिकपुढे (अंगठ्याने फिरवायच्या दांडीपुढे) आकडे दिसतात. साधारणपणे ० आणि १ या अक्षांवर डावी स्टिक असते, २ आणि ३ वर उजवी. प्रत्येक अक्षाचा आकडा उणे एक ते अधिक एक या दरम्यान फिरतो आणि स्टिक मोकळी सोडली की शून्याजवळ येतो.

शून्याजवळ म्हणजे किती? ०.०३ किंवा ०.०५ दिसलं तर काळजीचं कारण नाही, बहुतेक गेम तेवढं दुर्लक्षित करतात. ०.१० च्या पुढे गेलं की बऱ्याच गेममध्ये ड्रिफ्ट जाणवायला लागतं. पण मला आकड्यापेक्षा तो कसा वागतो हे जास्त महत्त्वाचं वाटतं. स्टिक हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि नीट बघा.

आकडा मध्येच उड्या मारत असेल, थरथरत असेल, तर आत धूळ किंवा झीज आहे. आकडा अगदी स्थिर आहे, पण शून्याऐवजी ०.१५ वर स्थिर आहे, तर केंद्र सरकलंय. स्प्रिंग थकली असेल किंवा कॅलिब्रेशन, म्हणजे कंट्रोलरने नोंदवलेलं स्टिकचं केंद्र आणि कडा, बिघडलं असेल. स्टिक पूर्ण ढकलूनही आकडा ०.८ च्या पुढे जात नसेल, तर झीज बरीच पुढे गेली आहे किंवा काहीतरी आत अडकतंय. आणि आकडे चोख असूनही गेममध्ये पात्र सरकत असेल, तर दोष कंट्रोलरमध्ये नाहीच, गेमच्या सेटिंगमध्ये शोधा.

त्याच पानावर सगळी बटणं एकेक करून दाबा. एकच बटण अडत असेल तर त्या बटणाखाली घाण असण्याची शक्यता जास्त. चार-पाच बटणं एकदम मेली असतील, किंवा न दाबता आपोआप पेटत असतील, तर कारण वेगळं आहे. ते खाली येईल. जे दिसेल ते कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर हाच कागद समोर ठेवून पुन्हा तपासायचं आहे.

न उघडता करून बघण्यासारखं

पाठीमागे, एल२ च्या, म्हणजे डाव्या बोटाने ओढायच्या ट्रिगरच्या, बाजूला एक बारीक भोक आहे. सिमकार्ड काढायच्या पिनेने ते चार-पाच सेकंद दाबा, मग केबल लावून मधलं पीएस बटण दाबा. कनेक्शन तुटणं, दिवा लुकलुकत राहणं, पेअर न होणं या तक्रारी यावर बऱ्याचदा मिटतात. ड्रिफ्ट मात्र याने जात नाही.

ड्रिफ्टसाठी आधी स्टिकभोवतीची घाण काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला मोबाइल दुरुस्तीवाले आयपीए म्हणतात, ते ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. शक्यतो ९९ टक्के. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं असेल तर त्यात पाणी बरंच असतं, ते सुकायला वेळ घेतं आणि धातूला गंज चढू शकतो. कापसाच्या काडीला आयपीए लावा, स्टिक एका बाजूला पूर्ण झुकवा, उघड्या पडलेल्या घुमटासारख्या भागावरून काडी फिरवा. चारही बाजूंनी असं करा आणि मग स्टिक गोल गोल वीस-पंचवीस वेळा फिरवा. धूळ नुकतीच शिरली असेल तर एवढ्यावरही आकडे शांत होतात.

विजेच्या भागांसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर आतल्या फटीत फवारणं हाही प्रचलित उपाय आहे. मी तो तात्पुरता मानतो. काही वेळा चार दिवस टिकतो, काही वेळा दोन महिने. पण गंजलेल्या बिजागरीवर मारतात तो तेलकट स्प्रे इथे अजिबात नको. तो कार्बनच्या पट्ट्यावर थर धरतो आणि नंतर धूळ त्यालाच चिकटते.

संगणकावर खेळत असाल तर स्टीम या गेम चालवायच्या प्रोग्रॅममध्ये डेड झोन थोडा वाढवून काम चालवता येतं. केंद्राजवळच्या हालचालीकडे दुर्लक्ष करायला सांगणं, एवढाच त्याचा अर्थ. फुटबॉलच्या गेमला फरक पडत नाही, पण नेमबाजीत बारीक नेम साधताना तो लगेच जाणवतो.

सामान

चौफुलीचा डबल झीरो स्क्रू ड्रायव्हर लागेल. दुकानात त्याला सर्रास स्टार म्हणतात. गिटारचं पिक किंवा जुनं एटीएम कार्ड, बारीक टोकाचा चिमटा, आयपीए, कापसाच्या काड्या, जुना मऊ टूथब्रश आणि स्क्रू ठेवायला झाकणं घ्या. मल्टीमीटर असेल तर उत्तम. स्टिकचं मॉड्यूल, म्हणजे तिच्याखालचा पूर्ण सुटा भाग, बदलायची वेळ आली तर सोल्डरिंग आयर्न, ६०-४० ची सोल्डर तार (६० टक्के कथिल, ४० टक्के शिसं), फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ), सोल्डर पंप आणि सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विक लागेल. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात एका फेरीत मिळतं. जुना खराब भाग सोबत घेऊन जा. नावावरून मागण्यापेक्षा भाग काउंटरवर ठेवला की चुकीचा माल गळ्यात पडत नाही.

उघडताना

कंट्रोलर पूर्ण बंद करा. पाठीचे चार स्क्रू काढा. स्क्रू निघाले तरी कव्हर खाचांमध्ये अडकलेलं असतं. सुरुवात हँडलच्या टोकांकडून करा. पिक फटीत घालून हळूच फिरवा, दोन्ही हँडल मोकळी झाली की हेडफोनच्या भोकाजवळची बाजू सोडवा, शेवटी वरची, म्हणजे एल१-आर१ कडची. तिथे खाच घट्ट असते. ‘कट्’ असा आवाज आला तर घाबरू नका, पण जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि कुठली खाच राहिलीय ते बघा. वरची बाजू सुटताना एल२ आणि आर२ च्या बारीक स्प्रिंगा उडू शकतात, म्हणून खाली टॉवेल पसरा. फरशीवर गेलेली स्प्रिंग परत सापडेलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाठीचं कव्हर झटक्याने ओढू नका. चार्जिंगचा छोटा बोर्ड त्या कव्हरला लावलेला असतो आणि एका पातळ रिबनने (चपट्या वायरने) मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. मी पहिल्यांदा कंट्रोलर उघडला तेव्हा कव्हर सरळ वर ओढलं आणि रिबन मधोमध फाटली. स्टिकचं काम राहिलं बाजूला, आधी रिबन शोधत फिरावं लागलं. पुस्तक उघडतो तसं कव्हर थोडंसं उघडा, आत बघा, रिबन मुख्य बोर्डाच्या सॉकेटमध्ये जिथे शिरते तिथल्या निळ्या टोकाला चिमट्याने धरा आणि सरळ बाहेर काढा. तिरकी ओढू नका.

यानंतर बॅटरीचा प्लग. तारांना नव्हे, प्लास्टिकच्या प्लगला धरून डावी-उजवीकडे हलवत काढा. बॅटरी बाजूला ठेवा, तिच्याखालचा काळा साचा उचला. बोर्डाच्या मधल्या भागात एक स्क्रू दिसेल, तो काढा. टचपॅडची रिबन सोडवण्याआधी तिचं सॉकेट निरखून बघा. उचलायची पट्टी असेल तर नखाने ती उचला, नसेल तर रिबन सरळ बाहेर येते. प्रत्येक पायरीला मोबाइलने एक फोटो काढा. कुठली तार कुणाच्या वरून गेली होती, हे अर्ध्या तासाने कुणालाही आठवत नाही.

दोन्ही हँडलमधल्या कंपनाच्या मोटारी तारांनी बोर्डाला सोल्डर केलेल्या असतात. बोर्ड उचलताना त्याही बरोबर उचला. लोंबकळू दिल्या तर तारा मुळापासून तुटतात.

स्टिकच्या आत

बोर्ड हातात आला की स्टिकची टोपी वर ओढून काढा. खाली पत्र्याची छोटी चौकट आणि तिच्या दोन बाजूंना दोन हिरव्या डब्या दिसतील. प्रत्येक डबी म्हणजे एक पोटेंशियोमीटर: एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर पांढऱ्या चकतीला लावलेली धातूची बारीक बोटं घासत फिरतात. पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज दिलेलं असतं, मधल्या पायावर जे व्होल्टेज येतं त्यावरून स्टिक कुठे आहे हे कंट्रोलरला कळतं. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण असंच चालायचं. वर्षानुवर्षं फिरवल्यावर त्यातून जी खरखर ऐकू यायची, तीच खरखर इथे ड्रिफ्ट होऊन दिसते. घासून निघालेला कार्बनचा भुगा आणि बाहेरून आलेली धूळ बोटांखाली येते, संपर्क तुटतो-जुळतो आणि आकडा उड्या मारतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने हा भुगा आणखी चिकट होतो.

दोन डब्यांपैकी दोषी कुठली? स्टिक फक्त डावी-उजवीकडे हलवा, कुठल्या डबीतली पांढरी चकती फिरते ते बघा. ती आडव्या अक्षाची. तुमच्या कागदावर जो अक्ष उड्या मारत होता, त्याची डबी उघडायची.

बारीक चपट्या टोकाने हिरव्या झाकणाच्या खाचा एकेक करून अलगद उचला. झाकण डबीच्या पायांना धरून किंचित बाजूला झुकतं, तेवढं पुरे. पाय वाकवून वाकवून तोडू नका. पांढरी चकती बाहेर काढा. चकतीवरची धातूची बोटं आणि झाकणाच्या आतला काळा पट्टा, दोन्ही आयपीए लावलेल्या काडीने हलक्या हाताने पुसा. काडी काळी होईल. पट्ट्यावर जोर देऊ नका, कार्बनचा थर पातळ असतो. पट्ट्यावर मधोमध चकचकीत ओरखडा दिसला, किंवा काळ्याखालचा फिका रंग दिसायला लागला असेल, तर साफसफाईने फार दिवस निभणार नाही, हे तिथेच समजून घ्या. बोटं फारच सपाट झाली असतील तर सुईने केसभर वर उचलता येतात. पण केसभरच, जास्त उचलली तर तीच पट्टा खरवडतील.

दहा मिनिटं सुकू द्या, चकती बसवा, झाकण सगळ्या बाजूंनी टकटक आवाज येईपर्यंत दाबा. आता पेटी बंद करण्याआधीच बॅटरी आणि चार्जिंगची रिबन तात्पुरती लावा, केबल जोडा आणि टेस्टरवर आकडे बघा. उघड्या बोर्डावर चाचणी करताना तो कोरड्या लाकडावर किंवा कागदावर ठेवा, बोर्डाच्या मागचे टाके (सोल्डरचे जोड) बोटांनी दाबू नका. आकडे शांत झाले तर काम झालं.

मॉड्यूल बदलणं

पट्टाच झिजला असेल तर पूर्ण स्टिक मॉड्यूल बदलावं लागतं. मॉड्यूलला १४ टाके असतात: दोन पोटेंशियोमीटरचे तीन-तीन, स्टिक दाबल्यावर चालणाऱ्या एल३ किंवा आर३ बटणाचे चार आणि चौकटीचे चार पाय. सोल्डरिंग कधीच केलेलं नसेल तर आधी एखाद्या मोडक्या रेडिओच्या किंवा चार्जरच्या बोर्डावर दोन संध्याकाळी हात बसवा. बोर्ड जळाला की मागे फिरता येत नाही, म्हणून हा भाग मी सगळ्यात शेवटी ठेवतो.

१४ टाके एकाच वेळी वितळवून मॉड्यूल अखंड बाहेर काढायला हॉट एअरची (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राची) सवय लागते. घरी साधं आयर्न असेल तर जुन्या मॉड्यूलचा मोह सोडा. ते तोडूनच काढा. दोन्ही हिरव्या डब्यांचे पाय बारीक कटरने कापा, चौकट कापून किंवा वाकवून अलग करा, मग बोर्डात उरलेला एकेक पाय आयर्नने तापवून चिमट्याने ओढून काढा. असं केलं की बोर्डावरच्या चकत्यांना उष्णता कमी लागते. छिद्रांभोवतीच्या या धातूच्या गोल चकत्यांना पॅड म्हणतात. त्या उखडल्या तर पुढची दुरुस्ती कितीतरी पटीने अवघड होते.

कारखान्यातलं सोल्डर बहुधा शिसंविरहित असतं आणि ते २१७ अंश सेल्सिअसच्या वर वितळतं. ६०-४० चं शिसं असलेलं सोल्डर साधारण १८३ ते १९० अंशांत वितळतं. म्हणून प्रत्येक जुन्या टाक्यावर आधी थोडं फ्लक्स आणि थोडं नवं सोल्डर घाला. दोन्ही मिसळले की टाका लवकर सुटतो. आयर्नला तापमान ठरवता येत असेल तर ३५० अंशांच्या आसपास ठेवा. एका टाक्यावर तीन-चार सेकंदांहून जास्त थांबू नका, सुटला नाही तर थंड होऊ द्या आणि परत या. चौकटीचे चार पाय ग्राउंडला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या थराला, जोडलेले असल्याने उष्णता ओढून घेतात, त्यांना वेळ लागणारच. खिडकी उघडी ठेवा, धूर तोंडासमोर येऊ देऊ नका आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

पाय निघाले की पंपाने छिद्रं मोकळी करा, राहिलेलं सोल्डर विकने ओढा, सगळीकडे आयपीए आणि टूथब्रश फिरवा. १४ च्या १४ छिद्रांतून उजेड आरपार दिसला पाहिजे.

नवं मॉड्यूल लावण्याआधी मल्टीमीटरवर तपासा. पोटेंशियोमीटरच्या बाहेरच्या एका पायावर आणि मधल्या पायावर टोकं धरा, स्टिक हळूहळू फिरवा. ओहमचा आकडा सलग चढला-उतरला पाहिजे, मध्ये ‘ओएल’ (जोड तुटल्याची खूण) दिसता कामा नये. एकदा मी हे न करता बसवलं, नवंच मॉड्यूल सदोष निघालं आणि चौदाही टाके पुन्हा काढावे लागले. तेव्हापासून चाचणी घेतल्याशिवाय मी एकही मॉड्यूल बोर्डात घालत नाही.

मॉड्यूल बोर्डाला पूर्ण टेकेल असं बसवा. आधी चौकटीचा एकच पाय सोल्डर करा, उलटून बघा. किंचितही तिरकं असेल तर तो एक टाका वितळवून सरळ करता येतं. मग समोरच्या कोपऱ्याचा पाय, मग बाकीचे. टाका शंकूसारखा आणि चकचकीत दिसला पाहिजे. गोळा होऊन नुसता वर बसलेला टाका आतून पकड घेत नाही. शेजारच्या दोन पायांना सोल्डरचा पूल जोडला गेला नाही ना, ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा.

हॉल इफेक्ट मॉड्यूल घ्यावं का, असं पुष्कळ जण विचारतात. त्यात कार्बनचा पट्टाच नसतो. चुंबक फिरतो आणि समोरचा सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो. एकमेकांवर घासणारं काही नाही, त्यामुळे पट्टा झिजण्याचा प्रश्न येत नाही. ही कल्पना नवीन नाही. सेगाच्या १९९८ सालच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही चुंबक आणि हॉल सेन्सर होते. टाके सारखेच असतात, बसवायची रीतही तीच. माझं मत असं की एवढे कष्ट घेऊन १४ टाके सोडवलेच असतील, तर थोडे पैसे जास्त देऊन हॉल इफेक्टच घाला. मात्र ते लावल्यावर कॅलिब्रेशन टाळता येत नाही.

कॅलिब्रेशन

कंट्रोलरच्या स्मृतीत जुन्या स्टिकचं केंद्र आणि कडा नोंदवलेल्या असतात. नव्या स्टिकचं केंद्र थोडं वेगळं येतं, म्हणून अगदी नवं मॉड्यूल लावूनही ०.०८ किंवा ०.१२ दिसू शकतं. पूर्वी यासाठी बोर्डावर बारीक रेझिस्टर जोडत असत. आता दुरुस्ती करणाऱ्या लोकांनी बनवलेलं ‘ड्युअलशॉक कॅलिब्रेशन’ हे फुकट साधन संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमध्ये चालतं. केबलने कंट्रोलर जोडा. केंद्र ठरवताना दोन्ही स्टिक सांगितलेल्या कोपऱ्यात नेऊन सोडायच्या असतात, असं चारही कोपऱ्यांना. कडा ठरवताना स्टिक पूर्ण बाहेर ढकलून सावकाश गोल फिरवायच्या. आधी बदल तात्पुरता ठेवा, टेस्टरवर बघा, समाधान झालं की मगच कायमचा साठवा.

मोडकं मॉड्यूल तसंच ठेवून कॅलिब्रेशनने ड्रिफ्ट घालवू पाहू नका. थरथरणाऱ्या आकड्याला केंद्रच नसतं. स्थिरपणे सरकलेल्या आकड्याला मात्र हा उपाय सोल्डरिंगशिवाय लागू पडतो, आणि म्हणूनच सुरुवातीला तो फरक लिहून ठेवायला सांगितलं. आणखी एक गोष्ट: बाजारात हुबेहूब दिसणारे नकली ड्युअलशॉक खूप आहेत आणि ते या साधनाला दाद देत नाहीत.

बटणांचं दुखणं

बटणाखाली रबराचा घुमट आणि त्याखाली छापील वाहक रेषांची पारदर्शक फिल्म असते. चहा किंवा कोल्ड्रिंक सांडून बटण चिकटत असेल तर बटणं, रबर आणि पुढचं प्लास्टिक कव्हर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. फिल्म मात्र पाण्यात घालू नका. आयपीए लावलेल्या काडीने हलके पुसा, घासलं तर छापील रेषा निघून येतात.

चार-पाच बटणं एकदम जाणं किंवा आपोआप दाबली जाणं, या दुखण्याचं मूळ वेगळ्याच ठिकाणी असतं. ही फिल्म बोर्डाला सोल्डर केलेली नसते. तिच्या टोकावरचे संपर्क फोमच्या लहान पट्टीने बोर्डावर दाबून धरलेले असतात. वर्षांनी हा फोम दबून बसतो, दाब कमी होतो आणि संपर्क सुटतो. बोर्डावरचे आणि फिल्मवरचे संपर्क आयपीएने पुसा, फोमखाली कागदाची घडी किंवा दुहेरी टेपचा एक तुकडा घाला. अर्धा मिलिमीटर पुरतो. जास्त जाड केलं तर मधला स्क्रू घट्ट बसत नाही आणि बोर्ड वाकतो. कितीतरी ‘मेलेले’ कंट्रोलर कागदाच्या एवढ्याशा घडीवर परत चालू होतात, मला या दुरुस्तीचा आनंद सगळ्यात जास्त होतो.

चार्जिंग आणि बॅटरी

चार्ज होत नसेल तर आधी केबल बदला, मग पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातला आणि सोफ्यातला कापूस तिथे दाबून बसतो. लाकडी टूथपिकने तो काढा, सुई घालू नका. पोर्ट ढिला झाला असेल तर चांगली बातमी आहे: तो वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो आणि सोल्डरिंगशिवाय बदलता येतो. मुख्य बोर्डावर जेडीएम आणि चार्जिंगच्या बोर्डावर जेडीएस अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक छापलेला असतो. नवा बोर्ड त्याच क्रमांकाचा घ्या, रिबनच्या पिना मोजा. १०, १२ आणि १४ पिनांच्या वेगवेगळ्या रिबना असतात आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

बॅटरी १००० एमएएचची लिथियम-आयन असते. पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टीमीटरवर ४.२ व्होल्टच्या जवळ दाखवते. रात्रभर लावूनही ३ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. दोन्ही आवृत्त्यांच्या प्लगचा आकार सारखा नसतो, हे खरेदी करताना लक्षात ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करून बघू नका. प्लग काढा, उघड्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली बॅटरी कचरागाडीत दबली की पेटू शकते, आणि ती हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावर ते संकट येतं.

दुसरा कंट्रोलर असेल तर

निदानाची रीत तीच, उघडण्याची वेगळी. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्सचे स्क्रू काळ्या पट्टीखाली आणि एल१-आर१ बटणांखाली लपलेले असतात. मॉड्यूल बदलण्याची पद्धत तशीच, पण ट्रिगरमध्ये दातेरी चक्रं आणि मोटार असते, तिकडे उगाच हात घालू नका. एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरला मधे टोचा असलेले टॉर्क्स टी८ स्क्रू असतात आणि पाचवा स्क्रू बॅटरीच्या खणात लेबलखाली असतो. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनला तीन पात्यांचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, मात्र त्याची स्टिक रिबनसकट सुटी येते, सोल्डरिंग लागतच नाही.

बंद करताना

आधी बोर्ड आणि मोटारी आपापल्या कप्प्यात, मग मधला स्क्रू, टचपॅडची रिबन, बॅटरीचा साचा, बॅटरी. एल२-आर२ च्या स्प्रिंगा जागेवर आहेत का ते ट्रिगर दाबून बघा. चार्जिंगची रिबन सरळ आत सरकवा. पाठीचं कव्हर वरच्या बाजूने आधी अडकवा, मग हँडल. सगळीकडे फट सारखी मिटली पाहिजे. कुठे फट राहिली तर मोटारीची तार नाहीतर रिबन मध्ये चेपली गेली आहे, तेव्हा स्क्रू न आवळता परत उघडा. चार स्क्रू हाताला अडकेपर्यंतच आवळा, प्लास्टिकमधले आटे लवकर झिजतात.

मग तो पहिला कागद काढा आणि प्रत्येक ओळ पुन्हा तपासा: चारही अक्ष, सगळी बटणं, एल३-आर३, कंपन, हेडफोन, चार्जिंग. एखादी नवीन तक्रार दिसली तर ती बहुधा तुम्ही नुकत्याच जोडलेल्या एखाद्या रिबनची असते, तिथूनच शोध सुरू करा. आणि मुख्य बोर्डच गेलेला निघाला, तर कंट्रोलर फेकू नका. मोटारी, स्प्रिंगा, रबर, फिल्म, चार्जिंगचा बोर्ड आणि स्क्रू वेगळे करून डबीत भरा आणि डबीवर मॉडेलचा क्रमांक लिहून ठेवा.